टॅबच्या खोक्यावर शेवटची तारीखही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसऱ्यापासून आपल्या अंकात बातमीपर्यंत पोचायला तीन पाने उलटावी लागत आहेत. पहिल्या पानावर टॅब, दुसऱ्यावर टॅब, तिसऱ्यावर सोने आणि कोपऱ्यात पुन्हा टॅब. तक्रार नाही, जाहिरातींवर वर्तमानपत्र चालते एवढे मला कळते. पण या जाहिरातींनी आमच्या घरात तीन आठवडे जो वाद पेटवला आणि त्यापायी मला बर्डीच्या (सीताबर्डी बाजाराच्या) ज्या चार चकरा माराव्या लागल्या, त्यातून एक मागणी निघाली आहे: टॅबला अपडेट कधीपर्यंत मिळणार, ती तारीख खोक्यावर छापावी. ती आपल्यामार्फत मांडते. पत्र लांबले तर खुशाल कात्री लावा, फक्त आकडे कापू नका. मी ३४ वर्षे शाळेत गणित शिकवले आणि २०१९ साली निवृत्त झाले. आकडे कापलेले मला सोसत नाही.

आधी जुन्या टॅबची कहाणी सांगते, कारण सगळे तिथूनच सुरू झाले.

२०२०च्या जूनमध्ये शाळा बंद होत्या आणि नात सहावीत गेली होती. ऑनलाइन वर्गासाठी अर्धे शटर वर करून बसलेल्या एका दुकानातून माझ्या मुलाने १३,५०० रुपयांना टॅब आणला. कंपनीचे नाव लिहीत नाही. वस्तू चांगली होती. नातीचे वर्ग झाले, माझे कीर्तन झाले, आमच्या ह्यांचे पेपरवाचन झाले. काचेला आजही ओरखडा नाही, कारण मी त्याला जुन्या नऊवारीच्या तुकड्याचे कव्हर शिवले होते. २०२५च्या मार्चमध्ये मात्र बँकेच्या ॲपने त्यावर उघडायला नकार दिला. तुमचे उपकरण जुने आहे, नवीन वापरा, असा संदेश. मी म्हटले जुने कसे? पाच वर्षे म्हणजे काय म्हातारपण! आमचा मिक्सर १९९८चा आहे.

नातीने सेटिंग्ज उघडली, 'टॅबविषयी' या शेवटच्या ओळीवर गेली आणि मला 'सिक्युरिटी पॅच' (म्हणजे शेवटचे सुरक्षा अपडेट) नावाची एक तारीख दाखवली. ५ ऑगस्ट २०२१. म्हणजे घेतल्यापासून जेमतेम १४ महिन्यांनी कंपनीने त्या टॅबकडे पाठ फिरवली होती, आणि पुढची साडेतीन वर्षे आम्ही त्यावर पैशांचे व्यवहार करत होतो. भिंतीवरचे घड्याळ बंद पडले तर निदान दिसते तरी. इथे वरच्या कोपऱ्यात वेळ बरोबर, तारीख बरोबर, आणि आतले कुलूप २०२१चे.

त्यात बॅटरी दुपारपर्यंत मान टाकू लागली होती. सर्व्हिस सेंटरला घेऊन गेले. तिथल्या मुलाने टॅब उलटा केला, मागचा नंबर वाचला आणि म्हणाला, "मॅडम, याचा पार्ट येणं बंद झालं. नवीन घेऊन टाका." टॅब उघडूनसुद्धा पाहिला नाही.

तर नवीन घेणे आले. आणि मग घरात पक्ष पडले.

पुण्याची मुलगी फोनवर म्हणाली, "आई, डोळे मिटून आयपॅड घे." बुटीबोरीला नोकरीला असलेल्या मुलाचे म्हणणे, एवढ्या पैशात दोन अँड्रॉइड येतात. सूनबाईला काहीही चालेल, पण घरात पुन्हा चार्जरवरून भांडण नको. (आता बहुतेक सगळ्यांना सी टाइपचीच पिन असते, त्यामुळे हा प्रश्न निकालात निघाला.) नात अकरावी सायन्सला आहे. तिला पेन हवे, कारण सीईटीच्या उदाहरणांचा कच्चा हिशेब करून करून घरात रद्दीचा डोंगर झाला आहे. आणि आमचे हे, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशने झालेले. त्यांना फक्त अक्षर मोठे दिसायला हवे.

पहिल्या चकरेला मी सुभाषनगर स्टेशनवरून मेट्रोने सीताबर्डीला उतरले आणि एका मोठ्या दुकानात शिरले. पोरगा पुढे आला. "काय पाहून राहिल्या मॅडम?" म्हटले टॅब. त्याने सुरुवात केली ती रॅमपासून, म्हणजे टॅबच्या चालू कामाच्या स्मृतीपासून. "आठ प्लस आठ, सोळा जीबी रॅम आहे मॅडम याला." मी विचारले, हे अधिक आठ कुठून आले? थोडे खोदल्यावर कळले की मूळ रॅम आठच, उरलेले आठ साठवणुकीच्या जागेतून उसने घेतलेले. उसने घेतलेले आपल्या खात्यात धरायचे, ही बेरीज मी सातवीच्या पोरांनाही करू दिली नसती. ती साठवणुकीची जागा रॅमपेक्षा पुष्कळ मंद असते, त्यामुळे हे आठ त्या आठांच्या बरोबरीचे नव्हेतच.

साठवणुकीचेही तसेच. खोक्यावर ६४ जीबी लिहितात तेव्हा कंपनी हजारांनी गुणते आणि पुष्कळ यंत्रे १०२४ने मोजतात, म्हणून हिशेबाने ते साठाच्या किंचित आतच येते. त्यातून यंत्रणेचा स्वतःचा संसार वजा करा. नातीचे व्हिडिओ आणि माझी कीर्तने पाहता ६४ मी तिथेच बाद केले. १२८च्या खाली घेऊ नये, असे माझे मत झाले आहे. मेमरी कार्डाची खाच असेल तर थोडी सूट. आयपॅडला ती खाच नसते.

बॅटरीवर तो पोरगा फारच रंगला. "हा पाहा, सात हजार चाळीस एमएएच. आयपॅडवाले तर सांगतच नाहीत मॅडम." सांगतात, पण वेगळ्या एककात सांगतात. २०२५ साली आलेल्या अकराव्या पिढीच्या आयपॅडवर २८.९३ वॉट-तास लिहिलेले आहे. आता ७०४० मिलीअँपिअर-तास म्हणजे ७.०४ अँपिअर-तास, त्याला या बॅटरीच्या साधारण ३.८५ व्होल्टने गुणा, २७च्या आसपास वॉट-तास येतात. म्हणजे दोन्ही जवळपास सारखेच! एक मण आणि ४० शेर यांत मोठे काय, असे विचारण्यातला प्रकार. मी हे त्याच्याच बिलबुकाच्या मागे करून दाखवले. पोरगा भला होता, त्याने तो कागद फाडून खिशात ठेवला.

दुसऱ्या चकरेला मी दप्तर घेऊन गेले. म्हणजे फूटपट्टी, पेन्सिल आणि नातीच्या मोबाइलमध्ये बारावी बोर्डाची गणिताची एक जुनी प्रश्नपत्रिका.

हे जरा सविस्तर सांगते, कारण मला वाटते हे दुकानात कोणी सांगत नाही. टॅब अकरा इंची म्हणतात तो कर्ण असतो. कर्ण सारखा असला म्हणून क्षेत्रफळ सारखे नसते. पडदा चारास तीन या प्रमाणात असेल तर तो आपला नेहमीचा ३-४-५चा त्रिकोण: कर्ण ११, म्हणजे बाजू ६.६ आणि ८.८, क्षेत्रफळ ५८ चौरस इंच. पण बहुतेक अँड्रॉइड टॅब सोळास दहा असतात, म्हणजे लांबट. त्यांची बाजू ५.८ आणि ९.३ येते, क्षेत्रफळ साधारण ५४. सिनेमा पाहायला लांबट बरा, वर-खाली काळ्या पट्ट्या कमी येतात. पण ए-फोर कागद एवढा लांबट नसतो. ५.८ इंच रुंदीत ए-फोरचे पान बसवले तर ते मूळच्या ७० टक्के होते. चारास तीनवर तेच ७५ टक्के होते. हा २०२५चा साधा आयपॅड अगदी चारास तीन नाही, जरा लांबुडका आहे, पण त्यावरही ७५च्या जवळपास येते. शाओमीच्या पॅड सेव्हनचा पडदा तीनास दोन आहे, त्यावरही तेच. वनप्लसचे बरेच पॅड सातास पाच प्रमाणात येतात, ते तर ए-फोरच्या मापालाच शिवल्यासारखे.

पाच टक्क्यांनी काय होते, असे मलाही वाटले होते. म्हणून प्रश्नपत्रिका चार टॅबवर उघडली, टॅब उभे धरले आणि घातांक वाचायला घेतले. मूळ कागदावर १२ पॉइंटचे अक्षर असेल तर घातांक सातेक पॉइंटचा असतो. तो लांबट पडद्यावर पाचाच्या खाली जातो. एक्सचा वर्ग की घन, हे मला लांबट टॅबवर दोनदा चष्मा सरकवून पाहावे लागले. दुसऱ्यावर एकदाच. मराठीचेही तसेच आहे, इंग्रजीला वर रफार नाही आणि खाली उकार नाही. 'कष्ट' आणि 'कनिष्ठ' यांतला ष्ट-ष्ठ ओळखू यायला जागा लागते. तो पोरगा शेजारच्या पोराला हळूच म्हणाला, "काकू टॅबला पट्टी लावून राहिल्या बे!" मी ऐकले नाही असे दाखवले.

(आमच्या ह्यांना दुकानात नेले होते. त्यांनी पहिलाच टॅब उचलला, स्वतःचा चेहरा त्यात पाहिला आणि "छान आहे" म्हणाले. काच चकाकते, हा मुद्दा त्यामुळे कळला.)

आयपॅडबद्दल मला काही आकस नाही. हातात घेतला तर वस्तू मनात भरते आणि तो जुना झाला तरी बरीच वर्षे अपडेट येत राहतात, हे मुलीच्या जुन्या आयपॅडवरून मी पाहिले आहे. पण २०२५च्या भावाने हिशेब करा. साधा वायफायवाला १२८ जीबीचा ३४,९०० रुपये. पेन वेगळे, सर्वांत स्वस्त ७,९००. सिमवर चालणारा हवा तर ४९,९००, म्हणजे नुसत्या सिमच्या सोयीचे १५,००० रुपये! मुलाला गाडीत नकाशा लावायचा होता, तर वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतोच, तो सिमवाल्यातच येतो. आणि गणिताच्या बाईंना सर्वांत गंमत कशाची वाटली असेल तर २०१०मध्ये पहिला आयपॅड आला, तेव्हापासून २०२४पर्यंत त्यात कंपनीचा स्वतःचा कॅल्क्युलेटर नव्हता. १४ वर्षे! व्हॉट्सॲप तर आयपॅडसाठी २०२५च्या मे महिन्यात आले. आमच्या सोसायटीतल्या एका वहिनींनी २०२४च्या दिवाळीला आयपॅड घेतला होता. त्या सहा महिने त्यावर फक्त पत्ते खेळल्या.

आयपॅड मागे पडला तो मात्र वेगळ्याच कारणाने. एका आयपॅडवर घरातल्या दोन माणसांना दोन वेगळी खाती उघडता येत नाहीत. शाळा-कंपन्यांना तशी व्यवस्था मिळते, आपल्याला नाही. अँड्रॉइडच्या पुष्कळ टॅबमध्ये मिळते, सॅमसंगच्या टॅबमध्ये तर नक्की. नातीचे तिचे, माझे माझे. माझ्या बँकेच्या ॲपशेजारी तिचे गेम नकोत, आणि तिच्या मैत्रिणींचे निरोप मला वाचायचे नाहीत. (वाचायचे आहेत, पण वाचू नयेत.)

जीएसटीचा उल्लेख करून टाकते. दुकानाच्या काचेवर 'जीएसटी कमी, आनंद दुप्पट' असा फलक होता. २२ सप्टेंबर २०२५पासून मोठे टीव्ही आणि एसी २८ वरून १८ टक्क्यांवर आले, हे खरे. टॅबवर आधीही १८ होता, आजही १८ आहे. आनंद तेवढाच राहिला.

आता ऊन. हा मुद्दा पुण्या-मुंबईच्या माणसाला सुचणारच नाही. ॲपल आपल्या माहितीपत्रकात लिहिते की आयपॅड ० ते ३५ अंश तापमानात वापरावा आणि बंद असताना ४५ अंशांपर्यंत ठेवावा. नागपूरच्या माणसाने हे वाचून हसावे की रडावे! मे महिन्यात आमच्याकडे सावलीत ४५ होते. (२०२४च्या मे अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. पुढे तो संवेदक बिघडल्याचे हवामान खात्याने सांगितले, पण दोन दिवस सगळ्यांना ते खरे वाटले होते, यातच सगळे आले.) दोष एकट्या ॲपलचा नाही, लिथियमची बॅटरी कोणाचीही असो, उष्णतेने लवकर म्हातारी होते, आणि काठोकाठ भरलेली असेल तर आणखी लवकर. नवतपात (उन्हाळ्यातल्या सर्वांत कडक नऊ दिवसांत) आमचा जुना टॅब चार्जिंगला लावला की 'तापमान जास्त, चार्जिंग थांबवले' असे म्हणायचा. मग मी तो कूलरसमोर धरायची. तसे करू नये, पाण्याचा ओलावा आत जातो, हे नंतर कळले. तेव्हा घेणाऱ्यांनी एवढे पाहावे की ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय सेटिंग्जमध्ये आहे का. काही टॅबमध्ये ती असते आणि आपल्या विदर्भात ती कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा शंभरपट कामाची आहे. टॅबच्या कॅमेऱ्याने फोटो काढणारे लग्नात पुढे उभे राहतात आणि मागच्यांना नवरदेव दिसत नाही, एवढेच त्या कॅमेऱ्याचे कार्य.

तिसऱ्या चकरेला मी एकच प्रश्न घेऊन गेले आणि चार दुकाने फिरले. प्रश्न असा: "या टॅबला अपडेट किती सालापर्यंत मिळणार?"

पहिल्या दुकानात उत्तर मिळाले, "मिळते ना मॅडम, लाइफटाइम." कोणाचे लाइफटाइम, विचारले तर हसला. दुसऱ्यात वॉरंटी कार्ड दाखवले, एक वर्ष. तिसऱ्यात म्हणाला, "कोणी विचारतच नाही हो काकू, तुम्ही पहिल्याच." चौथ्या दुकानातल्या मुलीने मात्र प्रामाणिकपणे स्वतःचा मोबाइल काढला, कंपनीची वेबसाइट उघडली आणि दहा मिनिटे शोधून एका मॉडेलचे उत्तर काढून दिले. दुसऱ्याचे तिलाही मिळाले नाही. दोन्ही टॅब शेजारी शेजारी ठेवलेले, किमतीत दोन हजारांचा फरक. स्वस्तातल्याला माणूस खुशीत उचलेल आणि तोच दोन वर्षांनी पोरका होईल, आणि खोक्यावर बघाल तर दोघांच्याही तेच चकचकीत चित्र.

मी ती दोन्ही खोकी हातात घेऊन सगळ्या बाजूंनी वाचली. उत्पादनाचा महिना-वर्ष आहे. कमाल किरकोळ किंमत आहे. आयात कोणी केली, तक्रार कुठे करायची, हे आहे. हे सगळे छापावे लागते, कारण २०११च्या वैधमापन नियमांत तसे बंधन आहे. बीआयएसचे (भारतीय मानक ब्यूरोचे) नोंदणी चिन्ह आहे, तेही कायद्याने सक्तीचे. जन्म कधी झाला ते सांगितले आहे, आणि कधीपर्यंत सांभाळणार, ते नाही. दहा रुपयांच्या औषधाच्या पट्टीवर शेवटची तारीख असते. ब्रेडवर असते. पंचवीस-तीस हजारांच्या वस्तूवर नसते.

माझी मागणी एवढीच आहे, संपादक महाशय. टॅबच्या (आणि मोबाइलच्याही) खोक्यावर, किमतीच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा: 'सुरक्षा अपडेट अमुक महिना, अमुक सालापर्यंत'. आणि त्याखाली 'बॅटरी व सुटे भाग अमुक सालापर्यंत मिळतील'. दोन ओळी.

हे काही आभाळातले मागणे नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४पासून इंटरनेटला जोडली जाणारी बहुतेक घरगुती उपकरणे विकायची तर सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत देणार, हे कंपनीला जाहीर करावे लागते. युरोपीय संघाने २० जून २०२५पासून मोबाइल आणि टॅबना आपल्या फ्रिजवर तारे असतात तसे लेबल सक्तीचे केले. एका चार्जमध्ये किती तास चालेल, पडल्यावर किती टिकेल, दुरुस्तीला किती सोपा, हे सगळे त्या लेबलावर. शिवाय नियम असा की मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतरही किमान ५ वर्षे अपडेट द्यायचे, सुटे भाग ७ वर्षे द्यायचे आणि बॅटरी ८०० वेळा चार्ज केल्यावरही मूळच्या ८० टक्के क्षमतेची राहिली पाहिजे. कंपन्या त्याच आहेत. तिथे लेबल चिकटवणाऱ्या हातांनी इथे का चिकटवू नये?

आपल्याकडे सुरुवात झालेलीच नाही, असेही नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात त्यासाठी एक पोर्टलही काढले. त्यावर मोबाइल-टॅबच्या कंपन्यांची माहिती आहे, मी पाहिली. पण दुकानात उभे राहून पोर्टल कोण उघडतो? काउंटरवर माणूस फक्त खोके वाचतो.

दुसरे असे की टॅबचे एक मोठे गिऱ्हाईक सरकारही आहे. जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी विद्यार्थ्यांना टॅब देणाऱ्या महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. आमच्या मागच्या गल्लीतल्या शिंपीकाम करणाऱ्यांच्या पोराला तिथून टॅब मिळाला. तो त्याच्या घरातला पहिला मोठा पडदा. त्याचे आई-वडील दुसरा घेऊ शकणार नाहीत, म्हणजे त्या टॅबची वर्षे आमच्या टॅबच्या वर्षांपेक्षा मोलाची. हजारोंनी खरेदी करणाऱ्याने वर्षांची अट घातली, तर कंपनी ती नाकारणार नाही आणि मग तीच ओळ सगळ्यांच्या खोक्यावर येईल. स्वस्त म्हणून घ्यायचे आणि महागात पडायचे, हे आपण २०११च्या त्या गाजलेल्या 'आकाश' टॅबच्या वेळी पाहिले आहे. सात इंच, दोन-अडीच हजार रुपये. त्याचा पडदा बोटाने दाबल्याशिवाय ऐकायचा नाही. शिक्षक-खोलीत आम्ही सगळ्यांनी त्यावर केवढ्या गप्पा मारल्या होत्या! मला तेव्हा वाटले होते की आता फळा गेला. फळा अजून आहे.

चौथ्या चकरेला टॅब घेतला. कोणता, ते लिहीत नाही, नाहीतर हे पत्र तुम्ही जाहिरातीच्या दराने छापाल. एवढे सांगते की पेन खोक्यातच आले, दोन माणसांची दोन खाती उघडता आली आणि पडद्याच्या आकारात मी हरले, लांबटच घ्यावा लागला. ७०-७५ टक्क्यांचे एवढे गणित करून शेवटी ७० घेतले, म्हणून नात दोन दिवस मला चिडवत होती. तिला मी आडवा टॅब धरून अर्धे अर्धे पान वाचायला शिकवले. आमचे हे अक्षर दोन बोटांनी मोठे करतात आणि ओळीचा शेवट शोधत बसतात, पण खूश आहेत. जीबोर्डवर (गूगलच्या कीबोर्डवर) बोटाने मराठी लिहिले तरी ते ओळखते, हा शोध त्यांना परवा लागला. तेव्हापासून ते सगळ्या नातेवाइकांना लांबलचक निरोप पाठवत आहेत, 'अनेक उत्तम आशीर्वाद'पासून.

माझे जुने पेपर मात्र या टॅबवर उघडले नाहीत. त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेले, ते इथे नुसते किडे-मुंग्या दिसतात. वीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका. ते दुखणे वेगळे, त्यावर कधी वेगळे पत्र लिहीन.

अपडेटचे साल मी त्या चौथ्या दुकानातल्या मुलीकडून कंपनीच्या पानासकट दाखवून घेतले आणि घरी आल्यावर काळ्या मार्करने खोक्यावर ठळक लिहिले. बिलाची झेरॉक्स आत ठेवली, कारण मूळ बिलाची शाई दोन उन्हाळ्यांत उडते. खोके कपाटावर ठेवत होते, तेव्हा आमच्या ह्यांनी खालून वाचले आणि म्हणाले, "लोणच्याच्या बरणीवर लिहितेस तसं काय लिहिलंस?"

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका
त्रिमूर्तीनगर, नागपूर

(नाव-पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे, छापू नये. त्या दुकानात मला अजून काचेचे कव्हर आणायला जायचे आहे.)